हरवलेले व्होल्ट : एक जिप्सी आणि एक पाण्याची मोटर

गाडी मारुती जिप्सी किंग, १३०० सीसी एमपीएफआय (म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली), २००४ चं मॉडेल. घर तळेगाव दाभाड्यातलं रो-हाऊस. अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी, गच्चीवर दुसरी टाकी, आणि खालचं पाणी वर चढवायला एक हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेली) मोटर. दोन्हींचा मालक एकच. तक्रारसुद्धा, नीट पाहिलं तर, एकच होती. चावी मारली की गाडी कण्हायची, बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणायची. फिरायचं मात्र कुणीच नाव घेत नव्हतं.

आमच्या ऑफरोडिंगच्या टोळक्यात या मालकाला सगळे ‘दादा’ म्हणतात. पावसाळा लागला की मावळात चिखल तुडवायचा आणि सोमवारी ऑफिसात नखांतला काळा लपवायचा, अशी ही मंडळी. गाडीखाली घुसायची सवय लागली की घरातल्या कामालाही माणूस बोलवायला मन होत नाही. गळका नळ, बंद पडलेला गिझर, सैल झालेलं बिजागर, सगळं ‘मीच बघतो’ खात्यात जमा. या सवयीनं दादांचं एक काम फत्ते झालं आणि दुसऱ्यात घराला आग लागायची थोडक्यात टळली. म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहितोय.

आधी काय काय बदलून झालं होतं

जिप्सी १९८५ साली ९७० सीसीचं इंजिन घेऊन आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग आली, आणि २०१९ मध्ये ती शोरूममधून कायमची गेली. त्यामुळे आज जिप्सी बाळगणाऱ्याला नाना पेठेतल्या दुकानदारांशी गोड बोलावं लागतं, रविवारी जुन्या बाजारात फेरी मारावी लागते. सुटे भाग मिळतात, पण मिळाला की घेऊन ठेवायचा अशी खोड लागते. दादांचं नेमकं तेच झालं. सेल्फ, म्हणजे इंजिनला सुरुवातीचा फेरा देणारी मोटर, हळू फिरायला लागला तेव्हा पहिल्यांदा बॅटरी बदलली. पंधरवडाभर गाडी बरी वागली, मग पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून कार्बन ब्रश आणि बुश बदलले. फरक शून्य. मग डायनॅमो (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दाखवला. त्यानं तो खोलला, पुसला, पैसे घेतले.

मध्येच ॲक्सिलरेटर केबल अडकायला लागली. पाय काढला तरी इंजिन खाली यायला वेळ घ्यायचं. ती केबलही नवी आली. हा खर्च कुणीच सेल्फच्या खात्यात धरला नाही, कारण ॲक्सिलरेटरचा आणि सेल्फचा काय संबंध? संबंध होता, आणि चांगलाच होता. त्याच्याकडे पुढे येतो.

हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा जागचा हलायचा, हेही दादांनी बोलता बोलता एकदा सांगितलं होतं. जुन्या गाडीत मीटरचे काटे नाचतातच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

ओढ्याकाठचा पुरावा

पवन मावळातल्या एका ओढ्यात जिप्सी बंद पडली. पाणी जेमतेम चाकाच्या हबपर्यंत होतं, म्हणजे बुडाली वगैरे नव्हती. दादांनी मध्येच इंजिन बंद केलं, खाली उतरून पुढचा दगड पाहिला आणि परत येऊन चावी मारली. टक्. पुन्हा टक्. पाठीमागच्या थारनं जवळ येऊन आपल्या बॅटरीवरून जंपर केबल दिल्या. लाल क्लॅम्प जिप्सीच्या बॅटरीच्या प्लसला, काळा मायनसला. सेल्फ अर्धा फेरा फिरला आणि थांबला. दुसऱ्या एकानं ‘क्लॅम्प नीट बसला नाही’ म्हणत काळा क्लॅम्प काढला आणि इंजिन उचलायच्या लोखंडी हुकाला चावून बसवला. चावी मारताच गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

सगळ्यांनी निष्कर्ष काढला की बॅटरी मेली आहे. तीन महिन्यांची बॅटरी मेली, म्हणजे दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला, इथपर्यंत चर्चा गेली. चहाच्या टपरीवर त्या दुकानदाराचा पार उद्धार झाला.

पण पुरावा तिथेच, त्या हुकावर होता. काळा क्लॅम्प बॅटरीच्या मायनसवर असताना गाडी सुरू झाली नाही आणि इंजिनच्या लोखंडावर लावताच झाली. थारची बॅटरी तीच, केबल त्याच, सेल्फ तोच. बदलला तो फक्त करंटचा परतीचा रस्ता. सेल्फमधून बाहेर पडलेला करंट इंजिनच्या धातूतून बॅटरीच्या मायनसकडे परत जातो, आणि त्या वाटेवर कुठेतरी अडथळा होता. हुकाला क्लॅम्प लावल्यावर तो अडथळा बाजूला पडला आणि करंट थेट थारकडे परत गेला. त्या एका झटक्यात जिप्सीची स्वतःची बॅटरी सर्किटमध्ये जवळपास नव्हतीच.

जंप-स्टार्ट देताना काळा क्लॅम्प बॅटरीपासून लांब, इंजिनच्या धातूला लावावा असं सांगतात ते वेगळ्या कारणानं. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि शेवटचा क्लॅम्प लावताना ठिणगी उडते, म्हणून. इथे त्या सवयीनं रोगनिदानही केलं होतं, फक्त ते कुणी वाचलं नाही.

मीटर कुठे लावायचा

पुढच्या सुट्टीत गाडी दादांच्या अंगणात उभी केली. बॅटरी आदल्या रात्रभर चार्जरवर होती. अर्धवट बॅटरीवर घेतलेल्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून खिशात. म्हणजे चावी मारली की सेल्फ फक्त फिरेल आणि आपल्याला चार-पाच सेकंद मीटर बघता येईल.

बहुतेक जण इथे मल्टिमीटर बीपवर ठेवून वायर तपासतात. बीप वाजलं, वायर चांगली. सेल्फच्या सर्किटला ही परीक्षा कुचकामी आहे. जाड केबलच्या शंभर तारांपैकी एक शिल्लक असली तरी बीप वाजतं. ओहम मोजून बघावं म्हटलं तर साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२ ते ०.३ ओहम दाखवतात, आणि आपल्याला शोधायचा असतो त्याच्या दहाव्या हिश्शाइतका अडथळा. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवायचा, सेल्फ फिरवायचा आणि रस्त्याच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट ‘हरवतात’ ते बघायचं. करंट वाहत असतानाच अडथळा बोलतो.

आकडे असे आले. गाडी शांत असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांवर ११.६.

इथेच थांबून विचार करायला हवा, कारण निम्मं निदान या एका आकड्यात आहे. सेल्फ रडत फिरतोय आणि बॅटरी मात्र ११.६ वर आरामात बसली आहे. बॅटरी दुबळी असती तर तिचे व्होल्ट ९-१० च्या खाली कोसळले असते. सेल्फ आतून धरलेला असता तर त्यानं ढीगभर करंट ओढला असता आणि तेव्हाही व्होल्ट कोसळलेच असते. व्होल्ट पडत नाहीत याचा अर्थ करंट हवा तितका वाहतच नाही. बॅटरी द्यायला तयार, सेल्फ घ्यायला तयार, वाट बंद. बॅटरी आणि सेल्फ, दोन्हींवर झालेला खर्च या आकड्यानं वाचला असता, आणि तो बघायला दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर पुरतो.

मग तुकडे पाडले. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत ०.३ व्होल्ट, अर्ध्या व्होल्टच्या आत म्हणजे ठीक. सेल्फच्या बोल्टपासून सेल्फच्याच बॉडीपर्यंत ७.९. सेल्फच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ३.४. तिन्हींची बेरीज ११.६, हिशेब चोख. मायनसच्या बाजूला ०.२ च्या वर जायला नको, तिथे ३.४ गायब.

आता त्या ३.४ चा माग काढायचा. या गाडीची मूळ मायनस केबल कधीतरी कुणीतरी बदलून तिथे बॅटरीपासून बॉडीपर्यंत एक आखूड केबल टाकली होती. त्यामुळे परतीचा करंट गिअरबॉक्सवरून विणलेल्या तांब्याच्या पट्टीनं चॅसीवर (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), चॅसीवरून दुसऱ्या वायरीनं बॉडीवर आणि तिथून बॅटरीकडे जात होता. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसतात, बॉडीही रबराच्या चकत्यांवर. म्हणजे या पट्ट्या नसतील तर ही तिन्ही एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं तुटलेली. बॅटरी ते बॉडी ०.१. बॉडी ते चॅसी ०.२. चॅसी ते गिअरबॉक्स ३.१.

सेल्फ नव्वदेक अँपिअर घेत होता असं धरलं तर ३.१ व्होल्ट म्हणजे ०.०३४ ओहम. कुठल्याही साध्या मीटरला ओहमवर ठेवून हा अडथळा सापडला नसता. पण तेवढ्या अडथळ्यावर पावणेतीनशे वॉटची उष्णता निघते. दोन-तीनदा सेल्फ मारून मी पट्टीच्या बोल्टला बोट लावलं तर चटका बसला.

आणि ॲक्सिलरेटर केबल? तिची बाहेरची लोखंडी गुंडाळी एका टोकाला बॉडीला आणि दुसऱ्या टोकाला इंजिनला टेकते. मुख्य वाट अडली की करंट मिळेल त्या वाटेनं जातो: ॲक्सिलरेटर केबल, क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल. ॲक्सिलरेटर केबल तापली, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मऊ होऊन तारेला चिकटलं, म्हणून ती अडकत होती. नवी केबलही त्याच वाटेवर होती. काढून पाहिली तर एका जागी अस्तर फुगलेलं दिसलं.

आणखी एक गोष्ट. डायनॅमोचा करंटही बॅटरीपर्यंत पोचायला हीच वाट वापरतो. वीसेक अँपिअर चार्जिंग होत असताना या पट्टीवर पाऊण व्होल्टच्या आसपास जात होते. म्हणजे डायनॅमो १४.२ देत असेल तर बॅटरीला साडेतेराच मिळणार. हेडलाइट लावल्यावर टेंपरेचरचा काटा हलायचा तोही बहुधा याच अडथळ्यामुळे. बॅटरी कधीच पूर्ण भरत नव्हती. म्हणून ‘बॅटरी वीक आहे’ म्हणणारेही अगदीच चुकीचे नव्हते; फक्त दोष बॅटरीचा नव्हता. नवी बॅटरी टाकल्यावर पंधरा दिवस बरं वाटलं त्याचंही कारण हेच. दुकानातून भरून आलेली बॅटरी हळूहळू रिकामी होत गेली.

पट्टीखाली काय होतं

बोल्ट १२ च्या पान्यानं सुटला. वॉशरच्या खाली चकचकीत लोखंड हवं, तिथे काळा, रबरासारखा थर. पावसाळ्याआधी मारतात ते अंडरबॉडी कोटिंग. वर्षभरापूर्वी एका गॅरेजमध्ये क्लचचं काम झालं होतं. गिअरबॉक्स उतरवताना पट्टी सोडली, काम झाल्यावर कोटिंग मारलं आणि पट्टी त्याच थरावर परत आवळली. पट्टी आणि चॅसी यांची गाठ पडत होती ती बोल्टच्या आट्यांतून, तीही गंजलेल्या. पट्टीच्या विणीत हिरवी भुकटी भरली होती आणि ती वाकवायला गेलो तर मधूनच तुटली.

दुरुस्ती तासाभराची. चॅसीवरची जागा आधी खरवडून, मग वायर ब्रश आणि पॉलिश पेपरनं घासून उघड्या लोखंडापर्यंत नेली. गिअरबॉक्सवरचा ॲल्युमिनियमचा पृष्ठभागही तसाच साफ. नवी पट्टी, दातेरी वॉशर, बोल्ट कचकचीत. त्यानंतरच बाहेरून रंग, आणि सगळ्यात शेवटी पेट्रोलियम जेली. हा क्रम उलटा झाला की वर्षभरानं पुन्हा ओढ्यात उभं राहायचं. त्याशिवाय बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल टाकली, तिचे लग (टोकाला बसणारी धातूची कडी) व्यवस्थित क्रिम्प करून, म्हणजे पान्यानं दाबून. ही केबल लवचीक असते, इंजिनच्या थरथरीला तुटत नाही. लग आणि केबल बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले होते. घरी हातोडीनं चेपलेले लग मला पटत नाहीत. क्रिम्पिंगचा पाना कुणाकडून मागून आणा, पण हातोडी नको.

पुन्हा मोजलं. सेल्फ मारताना बॅटरी १०.७, सेल्फवर १०.२, प्लसच्या बाजूला ०.४, मायनसच्या बाजूला ०.१. बॅटरीचे व्होल्ट आधीपेक्षा जास्त पडले याचं दादांना आश्चर्य वाटलं. पण आता सेल्फला हवा तितका करंट मिळत होता, म्हणून पडले. आवाज ऐकूनच वहिनी बाहेर आल्या. “गाडी झाली ना? आता आमच्या पाण्याचं बघा. संध्याकाळी मोटर चालत नाही, आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्यामागे बसता.”

मोटरचं प्रकरण

मोटरच्या मागच्या बाजूला पंखा असतो, त्याच्यावर जाळीचं झाकण. दादा ते झाकण काढून ठेवायचे, बटण दाबायचे आणि गुणगुणणाऱ्या मोटरचा पंखा स्क्रू ड्रायव्हरनं ढकलायचे. ढकलला की मोटर सुटायची. सकाळी बहुधा आपोआप सुरू व्हायची, संध्याकाळी ढकलावी लागायची. नवा कंडेन्सर टाकून झाला होता. गल्लीतल्या मोटर मेकॅनिकनं सांगितलं, वाइंडिंग गेलंय, रिवाइंडिंगला टाका.

गाडीतल्या विजयानं दादा तापले होते. “इथेही तेच असणार. व्होल्ट हरवताहेत. आण तो मीटर.”

निदान बरोबर होतं, पण आम्ही मीटर त्यांच्या हातात दिला नाही. १२ व्होल्टच्या दोन टोकांना कोरडा हात लागला तर काही होत नाही. २३० व्होल्टला ओला हात लागला तर माणूस मरू शकतो. टोळक्यातला एक जण पेशानं कारखान्यातला इलेक्ट्रिशियन आहे, वायरमनचा परवाना असलेला. चालू सप्लायवरची सगळी मापं त्यानं घेतली, पायात रबरी बूट आणि हातात २३० व्होल्टसाठी बनवलेला मीटर. बाकीचे लांब.

आधी सप्लाय बंद करून त्यानं मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला: वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात इन्सुलेशन उत्तम. शाफ्ट हातानं मोकळा फिरत होता. म्हणजे रिवाइंडिंगचा सल्ला घाईचा वाटायला लागला. मग संध्याकाळी, मोटर हटून बसायच्या वेळीच, मापं घेतली. मोटर बंद असताना घरातल्या बोर्डावर २२९ आणि मोटरच्या टर्मिनलवरही २२९. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांनी इथपर्यंतच तपासलं होतं. टेस्टर पेटला, व्होल्ट पूर्ण आले, मग दोष मोटरचाच! बटण दाबल्यावर बोर्डावर २२२, मोटरवर १६८. वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर २७ अँपिअर दाखवत होता. ५४ व्होल्ट वाटेत.

या जातीच्या मोटरचा जोर व्होल्टच्या वर्गानं कमी होतो. १६८ म्हणजे २३० च्या ७३ टक्के. त्याचा वर्ग केला की जोर उरतो ५३ टक्के. निम्म्या जोरात पाण्याचा भार घेऊन मोटर सुटणार कशी? सकाळी वस्तीतल्या लाइनवर भार कमी असतो, पाच-दहा व्होल्ट जास्त येतात, आणि तेवढ्यावर ती कशीबशी सुटायची.

५४ पैकी वायरीचा वाटा काढता येतो. बोर्डापासून मोटरपर्यंत तीसेक मीटर, जाऊन-येऊन साठ. वायर १.५ चौरस मिलिमीटरची, किलोमीटरला सुमारे १२ ओहम. म्हणजे ०.७२ ओहम, २७ अँपिअरला वीस व्होल्ट. ही वायरच मोटरला बारीक. उरलेले ३४ व्होल्ट कुठल्या तरी जोडावर. अडथळा सव्वा ओहमचा, आणि मोटर नीट चालत असताना ६ अँपिअरला त्या एका जागी ४५ वॉट उष्णता, एका सोल्डरिंग आयर्नइतकी, भिंतीच्या आत.

जोड सापडला पायऱ्यांखालच्या प्लॅस्टिकच्या डबीत. डबीचं झाकण पिवळट होऊन वाकलं होतं. आत दोन वायरी पिळून वर काळी टेप, टेपचा डिंक वितळून खाली ओघळलेला, तांबं काळंठिक्कर. बोटानं धरून ओढताच सुटून हातात आलं.

“हे कुणी केलं?” इलेक्ट्रिशियननं विचारलं.

दादा काही बोलले नाहीत. वहिनींनी सांगितलं, “शेल्फ लावताना ड्रिलनं वायर तुटली होती. यांनीच जोडली. गाडीतली टेप घेऊन.”

ऑफरोडिंगमधली ही दुसरी सवय. रानात वायर तुटली की पिळायची, टेप मारायची, निघायचं. तिथे ते योग्यच आहे, कारण पर्याय नसतो. पण शहाणे लोक घरी आल्यावर पहिल्यांदा तो जोड कापून नीट करतात, गाडीत तरी. घरातल्या भिंतीवर झाकण बसलं की जोड दिसेनासा होतो आणि तात्पुरतं काम कायमचं होतं.

खरा धोका बोर्डात होता

मला जोडापेक्षा जास्त भीती वाटली ती एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, पाहून. मोटरची एमसीबी ३२ अँपिअरची होती. आधी १६ ची होती. मोटर गुणगुणत अडकली की ती पडायची, म्हणून कुणीतरी ‘मोठी’ बसवून दिली. पाइपमधून नेलेल्या १.५ चौरस मिलिमीटर वायरीनं पंधराएक अँपिअरच्या वर सतत वाहायचं नसतं. १६ ची एमसीबी त्या वायरीची राखणदार होती, आणि ती पडत होती म्हणजे तिचं काम करत होती. ३२ ची बसवल्यावर २७ अँपिअर कितीही वेळ वाहिले तरी काही पडणार नाही. वायर तापत राहणार, पायऱ्यांखाली रद्दी आणि चपलांचं खोकं. गाडीत लाइटबारचा फ्यूज उडतो म्हणून त्यात तार अडकवणाऱ्याला हेच दादा सगळ्यांसमोर झापतात.

दुसरा प्रसंग त्याच संध्याकाळचा. खराब जोड न्यूट्रलमध्ये होता हे कळल्यावर दादांनी सुचवलं, “रात्री पाणी तर भरायलाच हवं. मागे हिरवी वायर आहेच की. आजच्या दिवस न्यूट्रलऐवजी तीच वापरू.” गाडीत ही कल्पना निर्दोष आहे, तिथे परतीचा करंट धातूच्या बॉडीतूनच जातो, आम्ही सकाळपासून तेच करत होतो. घरात अर्थिंगची वायर मोटरच्या लोखंडी बॉडीला जोडलेली असते आणि एरवी तिच्यातून काहीच वाहत नाही. तिला न्यूट्रलच्या कामाला लावलं आणि पुढे कुठे ती सैल असली, तर वाइंडिंगमधून आलेले पूर्ण २३० व्होल्ट मोटरच्या बॉडीवर आणि लोखंडी पाइपावर उभे राहतात. भांडी घासताना वहिनींचा ओला हात नळाला लागला असता. करंट गळला की सप्लाय तोडणारी आरसीसीबीही या घरात नव्हती, म्हणजे वाचवणारं कुणी नाही. इलेक्ट्रिशियननं एमसीबी खाली पाडली, बोर्डाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या रात्री पाणी शेजाऱ्यांच्या नळाला पाइप लावून भरलं.

नंतरचं काम परवान्याच्या वायरमनकडूनच झालं: बोर्डापासून मोटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची सलग वायर, मध्ये एकही जोड नाही, मोटरजवळ पाऊस न लागणाऱ्या डबीत स्क्रूचं कनेक्टर, एमसीबी पुन्हा १६ ची, आणि संपूर्ण घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. अर्थिंगचा खड्डाही उघडून पाहिला. त्यात वर्षानुवर्षं पाणी घातलेलं नव्हतं. पुन्हा मोजलं तेव्हा सुरू होताना बोर्डावर २२० आणि मोटरवर २०९. जोर ५३ वरून ८३ टक्क्यांवर. एमसीबी पडत नाही, कारण मोटर सेकंदाच्या आत सुटते आणि सुरुवातीचा मोठा करंट लगेच खाली येतो. जाळीचं झाकण परत बसलं.

खर्चाचं गणित दादांनीच मांडलं. गाडीची खरी दुरुस्ती हजार रुपयांच्या आत झाली. त्याआधी बॅटरी, ब्रश, डायनॅमो आणि केबलवर त्याच्या कितीतरी पट गेले होते. घराकडे मात्र उलटं. टेपचा जोड फुकट पडला होता आणि वायरिंग बदलायला चांगलेच पैसे लागले. काढून ठेवलेली जुनी बॅटरी लोड टेस्टरवर लावली तर ठणठणीत निघाली. ती आता टोळक्यातल्या एका एमएम ५४० मध्ये (महिंद्राची जुनी जीप) आहे.

एक काम बाकी आहे. आरसीसीबी बसवल्यानंतर पहिल्याच जोरदार सरीत ती पडली. मोटर सोडवून पाहिली, तरी पडली. एकेक सर्किट वेगळं केल्यावर पोर्चमधला दिवा सापडला, होल्डरमध्ये पाणी शिरत होतं, बहुधा कित्येक पावसाळ्यांपासून. सध्या ती लाइन बोर्डातून काढून ठेवली आहे. दादांनी होल्डर आणून ठेवलाय. बसवायला वायरमन येणार आहे, असं वहिनी सांगतात.